फांदी नसलेल्या प्रदेशातील गाणी

पक्ष्याचे गाणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झाड उभे राहते. कोकीळ आंब्याच्या दाट पालवीत दडून गातो, दयाळ पहाटेच्या वेळी झाडाच्या शेंड्यावर बसून शीळ घालतो. गाणाऱ्याला उंच जागा हवी असते. कारण उंचावरून आवाज दूरवर पोहोचतो आणि गाणारा डोळ्यांनाही दिसतो. मग ज्या प्रदेशात झाडच उगवत नाही, तेथील पक्ष्याने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या माळरानावरही मिळते. चंडोल जमिनीवरून उठतो, पंख फडफडवीत वर वर चढत जातो आणि आकाशातच गातो. त्याला फांदी लागत नाही. हेच उत्तर पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील टुंड्रा प्रदेशात पक्ष्यांच्या अनेक जातींनी आपापल्या परीने शोधून काढले आहे. त्या उत्तराचा थोडा परिचय या लेखात करून द्यावा, असा आमचा हेतू आहे.

आम्ही टुंड्रा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. तेथे वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या निरीक्षकांच्या नोंदी आणि त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे हेच आमचे साधन. मात्र या लेखातील काही पक्षी आपण सर्वांनी, कदाचित नाव न जाणता, पाहिलेले असण्याचा संभव आहे. शिवडीच्या आणि ठाण्याच्या खाडीतील चिखलावर किंवा उजनी जलाशयाच्या काठी भिगवणला हिवाळ्यात इवल्या पायांनी धावणारे जे करड्या रंगाचे थवे दिसतात, त्यांतील कित्येकांची जन्मभूमी टुंड्रा हीच आहे. येथे ते चरतात, विश्रांती घेतात, फार तर उडताना एखादा तुटक चीत्कार करतात. त्यांचे खरे गाणे आपल्या कानी सहसा पडत नाही. ते तिकडचे आहे.

आर्क्टिक टुंड्रा म्हणजे रशिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्का यांच्या उत्तर कडांवर पसरलेला वृक्षहीन पट्टा. जमिनीचा खालचा थर बाराही महिने गोठलेला असतो. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर वितळतो. पाणी खाली झिरपू शकत नाही, म्हणून जागोजागी डबकी साचतात. शेवाळ, दगडफूल, गवत आणि जमिनीला चिकटून वाढणारी खुरटी विलो एवढीच तेथील वनस्पतिसंपदा. अलास्कातील उत्किआग्विक, म्हणजे पूर्वीचे बॅरो, हे गाव सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत सूर्य मावळतच नाही. तरीही बर्फ हटतो तो जूनमध्ये, आणि ऑगस्ट सरताना थंडी पुन्हा उंबरठ्यावर येते. हद्द राखणे, जोडीदार मिळवणे, अंडी घालणे, ती उबवणे आणि पिल्ले उडती करणे हे सारे त्या मधल्या काळात उरकावे लागते. वितळलेल्या डबक्यांतून कीटक घोंघावू लागतात तेव्हा पिल्ले अंड्याबाहेर आलेली असली पाहिजेत. आठवडाभराचा उशीरही महागात पडतो. तेथील गाण्याला जी घाई आणि जो आवेश असतो, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

प्रथम लहान गायकांचा विचार करू. लॅपलँड लाँगस्पर हा चिमणीहून किंचित मोठा पक्षी. नराचा चेहरा आणि गळा काळाभोर, मानेमागे तांबूस पट्टा. तो जमिनीवरून बहुधा मुकाट्याने वर चढतो, दहा-पंधरा मीटर उंची गाठतो आणि मग पंख व शेपटी पसरून तरंगत खाली येऊ लागतो. गाणे सुरू होते ते या उतरणीवर. जमिनीलगत गायलेला सूर गवतात, उंचवट्यांत आणि वाऱ्यात लवकर विरतो. तोच सूर आकाशातून सोडला की चहूकडे मोकळा पसरतो. शिवाय सपाट भूमीवर उडता पक्षी लांबूनही नजरेत भरतो. ऐकवणे आणि दाखवणे ही दोन्ही कामे एकाच झेपेत साधतात. धोकाही तितकाच उघडा आहे: जो मादीला दिसतो तो ससाण्यालाही दिसतो. मादी अंडी उबवू लागली की लाँगस्परचे गाणे झपाट्याने ओसरते. ज्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात टुंड्रा ऐकला आणि ज्याने तो जुलैमध्ये ऐकला, त्या दोघांना दोन निराळे प्रदेश वाटावेत.

स्नो बंटिंग हा आपल्या भारीट पक्ष्याच्या वळणाचा, पण विणीच्या काळात शुभ्र आणि काळा असलेला पक्षी. त्याचे नर एप्रिलच्या आरंभीच उत्तरेत दाखल होतात. त्या वेळी तापमान उणे ३० अंशांपर्यंत असू शकते, सर्वत्र बर्फ असतो आणि माद्या येण्यास अजून तीन-चार आठवडे अवकाश असतो. इतकी घाई कशासाठी? हा पक्षी खडकांच्या खोल कपारीत घरटे करतो आणि चांगल्या कपारी मोजक्याच असतात. आधी येईल त्याला घर, असा तो व्यवहार आहे. त्याचा पांढरा पोशाखही वसंतात नवी पिसे फुटून येत नाही. शरद ऋतूत आलेल्या पिसांची तपकिरी टोके हिवाळाभर झिजत जातात आणि खालचा स्वच्छ काळा-पांढरा रंग उघडा पडतो. कपार सुरक्षित असली तरी गारठलेली असते, म्हणून मादीला अंड्यांवरून उठणे परवडत नाही. तिला अन्न आणून भरवण्याचे काम नर करतो.

या पक्ष्याच्या निरीक्षणाशी एक मोठे नाव जोडलेले आहे. निको टिनबर्गन हे डच प्राणिशास्त्रज्ञ १९३२ मध्ये पत्नीसह पूर्व ग्रीनलंडला गेले आणि तेथील स्थानिक लोकांच्या सहवासात वर्षभराहून अधिक काळ राहिले. वसंत ऋतूतील स्नो बंटिंगच्या वर्तनावरील त्यांचा प्रबंध १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७३ मध्ये प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी ज्या तिघांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यांत ते एक होते. ग्रीनलंडमधील त्यांच्या कामात उपकरणांचा बडेजाव नव्हता. बर्फात बसून एकाच नराकडे दिवसामागून दिवस पाहत राहणे, तो कोठे गातो, कोणावर धावून जातो, कोठून मागे फिरतो याची नोंद ठेवणे, एवढीच त्यांची पद्धत. त्यातून दिसले ते असे: प्रारंभी नर थव्यातच राहतात. मग एकेक जण सकाळी थोडा वेळ थवा सोडून आपल्या जागेवर जातो, खडकावर बसून किंवा हवेत झेपावून गातो आणि पुन्हा थव्यात परततो. हा एकांताचा काळ दिवसेंदिवस वाढत जातो. दुसरा नर हद्दीत शिरला तर भांडण ठरलेले. मादी आली की नर पंख आणि शेपटी फैलावून तिच्याकडे पाठ करतो व तिच्यापासून दूर धावत जातो. पाठीवरील काळ्या-पांढऱ्या नक्षीचे हे प्रदर्शन असते. मग परत येतो आणि पुन्हा तसाच धावतो. ‘पाठ फिरवणे’ या शब्दप्रयोगाचा आपल्याकडील अर्थ येथे अगदी उलटा होतो, याची आम्हाला गंमत वाटते. जोडी जमली की त्याचे गाणे मंदावते. एकच गाणे नरांना ‘दूर राहा’ आणि मादीला ‘जवळ ये’ असे सांगत असते, ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात सहज लिहिली जाते. तिच्यामागे अशा चिकाटीच्या नोंदी आहेत.

आता आपल्या हिवाळी पाहुण्यांकडे वळू. सोनेरी चिखल्या खाडीकाठी किंवा नांगरलेल्या शेतात पाहिला तर अगदी साधा, मातकट पक्षी वाटतो. सायबेरियाच्या टुंड्रावर त्याचे पोट काळे होते, पाठीवर सोनेरी ठिपके उमटतात. नर उंच आकाशात जाऊन नेहमीच्या वेगवान उडण्याऐवजी अतिशय संथ, खोल आणि ताठ असे पंख हलवू लागतो. इंग्रजीत या उड्डाणाला फुलपाखराची उपमा दिली जाते. जोडीला एक करुण शीळ तो पुन्हा पुन्हा घालत राहतो. टेमिंकचा टिलवा, जो आपल्याकडील तळ्यांच्या काठी एकटादुकटा चरताना आढळतो, तो तिकडे पंख उंच धरून हवेत थरथरत घिरट्या घालतो आणि सुरांची न तुटणारी साखळी सोडतो. एवढीशी ही जात, वजन जेमतेम २५ ग्रॅमच्या घरात; पण तिची कुटुंबव्यवस्था पाहा. मादी पहिली चार अंडी एका नराच्या हद्दीत घालून त्याच्याच स्वाधीन करते, दुसऱ्या नराच्या हद्दीत आणखी चार घालते आणि ती स्वतः उबवते. थोड्या दिवसांत दोन घरटी मार्गी लावण्याचा हा उपाय आहे.

टुंड्रातील प्रणयाराधनाची सर्वांत विलक्षण कथा मात्र पेक्टोरल सँडपायपर या पक्ष्याची आहे. आपल्या तुतवाराच्या गोत्रातील हा पक्षी उत्तर अमेरिका आणि सायबेरिया यांच्या टुंड्रावर वीण करतो आणि हिवाळा मुख्यतः दक्षिण अमेरिकेत काढतो. नराच्या छातीवरील त्वचा पिशवीसारखी फुगते. ती फुगवून तो जमिनीच्या अगदी लगत, मादीच्या डोक्यावरून उडत जातो आणि प्रत्येक ठोक्याला छाती हलवीत घुमा ‘ऊ-ऊ-ऊ’ असा आवाज काढतो. हा आवाज गोड नाही. ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवले की मुले तो पक्ष्याचा मानायलाच तयार नसतात. रिकाम्या घागरीच्या तोंडावर कोणी फुंकर घालत असावे, असे त्यांना वाटते. हा नर घरटे बांधत नाही, अंडी उबवत नाही, पिल्लांकडे पाहत नाही. ते सर्व मादीकडे. त्याला करावयाचे ते एकच: जितक्या माद्या अंडी घालण्यास सिद्ध असतील, तितक्यांचे मन वळवणे आणि इतर नरांना दूर ठेवणे. सूर्य मावळत नाही, त्यामुळे ही धावपळ थांबवणारी रात्रही येत नाही.

जर्मनीतील मॅक्स प्लांक पक्षिविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उत्किआग्विक येथे या नरांच्या हालचालींची आणि काही नरांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचीही नोंद घेतली. पिल्लांचे पितृत्व जनुकीय तपासणीने निश्चित केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक नर सलग १९ दिवस ९५ टक्क्यांहून अधिक वेळ जागा आणि क्रियाशील आढळला. आणि जे नर सर्वांत कमी झोपले, तेच सर्वाधिक पिल्लांचे पिते ठरले. झोप कमी झाली की शरीर आणि बुद्धी मंदावते, हा आपला अनुभव; या पक्ष्याने तो निदान तेवढ्या काळापुरता बाजूस सारलेला दिसतो. याच संस्थेच्या संशोधकांनी नंतर उपग्रहाद्वारे नरांचा माग काढला. उत्किआग्विकला काही दिवस नशीब अजमावून ते पुढच्या जागी जात होते. एकाच हंगामात काही नरांनी २४ पर्यंत ठिकाणे पालथी घातली आणि १३,००० किलोमीटरपर्यंत प्रवास केला. हा प्रवास स्थलांतराव्यतिरिक्तचा होता. दक्षिण अमेरिकेहून एवढे अंतर कापून आलेल्या पक्ष्याने पोहोचल्यावरही न थांबणे, ही गोष्ट वाचून आम्ही काही वेळ पुस्तक मिटून ठेवले होते.

सारेच नर्तक गात नाहीत. बफ-ब्रेस्टेड सँडपायपर जवळजवळ मूकपणे आराधना करतो. नर आपल्या लहानशा जागेवर उभा राहून एकच पंख वर उचलतो. पंखाची आतली बाजू चमकदार पांढरी असते आणि ओसाड जमिनीवर ती झळक दूरवर दिसते. मादी जवळ आली की तो दोन्ही पंख पसरतो आणि ती खालून त्यांचे बारकाईने परीक्षण करते. रफ हा पक्षीही असाच अबोल. हिवाळ्यात हजारो मैल दक्षिणेकडे, आपल्या जलाशयांवरही तो येतो, तेव्हा कोणी वळून पाहू नये असा असतो. विणीच्या काळात नराच्या गळ्याभोवती पिसांचा भव्य झालर फुटते आणि अनेक नर एका जागी जमून आवाज न करता उड्या मारतात, वाकतात, झुंजतात. यांच्यात नरांचे तीन प्रकार असतात: गडद झालरीचे, हद्दीसाठी भांडणारे बहुसंख्य, फिक्या झालरीचे, हद्द नसलेले, भांडखोरांच्या आश्रयाने राहणारे, आणि एक टक्क्याहून कमी असलेले, झालर नसलेले, हुबेहूब मादीसारखे दिसणारे. हा तिसरा प्रकार २००६ पर्यंत शास्त्रज्ञांच्याही ध्यानात आला नव्हता. हे भेद शिकून आलेले नसून एकाच गुणसूत्रावरील उलट्या झालेल्या एका तुकड्यातून येतात, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

लाल मानेच्या फॅलारोपमध्ये तर भूमिकाच पालटलेल्या आहेत. येथे रंगीत ती मादी, उड्डाण करून साद घालते ती मादी, नरासाठी भांडते तीही मादी. अंडी नर उबवतो. हा चिमुकला पक्षी विणीनंतर उघड्या समुद्रावर राहतो आणि यांचे मोठे थवे आपल्या अरबी समुद्रात हिवाळा काढतात. हिमघुबडाचा नर चोचीत किंवा पंजात लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी घेऊन मादीसमोर लाटेसारखा वर-खाली उडतो. शिकार मिळते आहे, याचा तो पुरावा असतो. लेमिंग फारच थोडे असतील त्या वर्षी ही घुबडे विणीचा बेतच रद्द करतात.

टार्मिगनबद्दल मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते. तित्तिराच्या कुळातील हा पक्षी हिवाळ्यात पांढराशुभ्र असतो. बर्फ वितळू लागला की मादी लगेच तपकिरी पिसे धारण करते आणि दगडमातीत दिसेनाशी होते. नर मात्र कित्येक दिवस पांढराच राहतो आणि काळ्या-तपकिरी भूमीवर दिव्यासारखा चमकतो. तो हवेत झेप घेतो, तरंगतो आणि घशातून खरखरीत आवाज काढीत उतरतो. ससाण्याला याहून सोपे भक्ष्य कोणते? तरी तो पांढरेपण टाकत नाही, कारण माद्यांसमोर तेच त्याचे भूषण असते. कॅनडातील निरीक्षकांनी नोंदवले आहे की मादी अंडी घालू लागली, आता तिला जिंकण्याचे प्रयोजन उरले नाही, की हा नर चक्क मातीत लोळून आपली पिसे मळवून घेतो. नवी पिसे नंतर सावकाश येतात. तोवर चिखल हेच त्याचे संरक्षण.

हे सर्व पाहण्या-ऐकण्याच्या पद्धती आता बदलल्या आहेत. अलास्कातील टूलिक सरोवराजवळ २०१० ते २०१४ या पाच वसंतांत आपोआप चालणारी ध्वनिमुद्रण यंत्रे ठेवण्यात आली आणि सुमारे १,२०० तासांचे ध्वनिमुद्रण संगणकाकडून तपासून घेण्यात आले. गाणारे पक्षी केव्हा आले आणि त्यांच्या गाण्याला केव्हा भर आला, हे माणूस तेथे नसतानाही कळू शकले. बर्फ आणि तापमान यांवर त्या गाण्याचा भर कसा हेलकावतो, तेही दिसले. येथेच चिंतेचा विषय आहे. आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीहून कितीतरी वेगाने तापत आहे. उघड्या भूमीवर झुडपे सरकत आहेत. ज्या मोकळेपणामुळे ही आकाशगीते घडली, तो मोकळेपणाच काही ठिकाणी आकसतो आहे. बर्फ लवकर वितळला तर कीटक लवकर येऊन जातात आणि पिल्ले मागे पडतात. रशियाच्या तैमिर द्वीपकल्पावर वीण करणाऱ्या रेड नॉट पक्ष्यांची पिल्ले अशा वर्षी आकाराने लहान आणि तोकड्या चोचीची निपजतात, असे २०१६ च्या एका अभ्यासात आढळले. हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाळूत खोल दडलेले शिंपले त्या चोचींना गाठता येत नाहीत, आणि त्यांतील पुष्कळ पक्षी जगत नाहीत. उलट प्रकारही घडतो. २०१८ साली ईशान्य ग्रीनलंडमधील झाकेनबर्ग येथे बर्फ इतका आणि इतका उशिरापर्यंत राहिला की त्या वर्षी बहुतेक वनस्पतींची व प्राण्यांची वीण जवळपास संपूर्ण फसली. पक्षी हजारो किलोमीटर उडून आले आणि त्यांना चरायला, अंडी घालायला उघडी जमीनच पुरेशी मिळाली नाही.

आपल्याकडील वाचकाला या सर्वांचा एक धागा घरबसल्या नव्हे, पण घरापासून फार दूर न जाता पाहता येतो. एप्रिलमध्ये, जाण्यापूर्वीच्या दिवसांत, खाडीवरील थव्यांकडे दुर्बिणीतून पाहावे. हिवाळाभर करडे असलेले कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे ज्यांची चोच खाली बाकदार असते ते, एकेक करून विटकरी-तांबड्या रंगाचे होऊ लागलेले असतात. चिखल्यांच्या पोटावर काळे डाग उमटत असतात. मग एक दिवस चिखल रिकामा दिसतो.

कर्ल्यू सँडपायपरचा नर सायबेरियात पोहोचून गातो, जोडी जमवतो आणि अंडी मादीवर सोपवून जुलैच्या आसपास परत निघतोही. पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा बाप दक्षिणेच्या वाटेवर असतो. त्याचे गाणे त्यांच्या कानी पडण्याची वेळ टळून गेलेली असते. लाँगस्परसारखे पक्षी गाणे ऐकून शिकतात. सँडपायपरांच्या बाबतीत ते जन्मजात असते, असे मानले जाते. थोड्याच आठवड्यांत आईही निघून जाते आणि पिल्ले कोणाच्या सोबतीविना आपापली वाट धरतात. पहिल्या वर्षीची त्यांतील अनेक पिल्ले पुढच्या उन्हाळ्यात उत्तरेकडे जातच नाहीत. मे-जूनच्या दिवसांत, बाकी सगळे गेल्यावर, दक्षिणेकडील आपल्या किनाऱ्यांवर जे थोडे करडे पक्षी मुकाट्याने चरताना दिसतात, ते बहुधा तेच.